कोल्हापुरात राहून वर्षभराच्या रेस आणि रात्रभराची रिले कशी पळायची

शिवजयंतीच्या आदल्या रात्री पन्हाळ्यावरून ज्योत आणायला जे गेलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. गडावर मशाल पेटवताना सगळी पोरं पुढं असतात, प्रत्येकाला पहिल्यांदा हातात घ्यायची असते, आणि सकाळी गावाच्या वेशीत शिरताना तर अख्खं गाव मशालीला हात लावायला येतंय. पण मधे, पहाटे तीन-साडेतीनला, शिवाजी पूल झाला, शहर मागं पडलं, उजळाईवाडीच्या पुढं हायवेला लागलो की हलगी थांबलेली असते, टेम्पोत सगळे एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेले असतात आणि मशाल घेऊन पळणारं एकच पोरगं मागं वळून ओरडत असतंय, "अरे उतरा की कोणतरी!" बारावीत असताना एका वर्षी ते पोरगं मी होतो. आमचं गाव कागलच्या बाजूला, म्हणजे पन्हाळ्यापासून चाळीसेक किलोमीटर, आणि त्यातले सलग सात मी एकट्यानं पळलो कारण खाली उतरायला कोणी जागंच नव्हतं.

आता त्याच हायवेवर गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला आहे, वीस वर्षं झाली, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. आणि गेली काही वर्षं आमचा आठ जणांचा ग्रुप वर्षाला दोन-तीन रेस आणि फेब्रुवारीत एक रात्रभराची रिले पळतो. नवीन लोक विचारतात की रिलेसाठी किती पळायला पाहिजे. माझं उत्तर नेहमी एकच, की पळायचं अंतर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येतंय, वर्षभर पळणारा कोणीही ते करतो, अवघड असतंय ते रात्री तीनला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, बूट बांधून उभं राहणं. त्यामुळं वर्षाची तयारी सुद्धा त्या हिशोबानं करायला पाहिजे.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात हूड टू कोस्ट नावाची रिले 1982 पासून चालते, माउंट हूड डोंगरावरून सुरू होते आणि समुद्रकिनाऱ्यावर सीसाइड गावात संपते, अंतर साधारण 320 किलोमीटर. एका टीममध्ये बारा जण, दोन गाड्या, छत्तीस टप्पे, म्हणजे प्रत्येकाला तीन टप्पे. एका गाडीतले सहा जण ओळीनं पळतात तोवर दुसऱ्या गाडीतले खातात, झोपतात, मग गाड्या बदलतात. जगात पुढं ज्या रात्रीच्या रिले निघाल्या त्या बऱ्याचशा ह्याच साच्यातल्या. आपल्या देशात रोडवर एवढं लांब करणं अवघड आहे, त्यामुळं इथं जास्त करून स्टेडियमवर किंवा छोट्या लूपवर, म्हणजे त्याच त्या फेरीवर, बारा तासाचे, चोवीस तासाचे रन होतात आणि त्यात टीम रिलेचा गट असतो. पण मला विचाराल तर आपल्याकडची ज्योत हीच रिले आहे, फक्त आपण तिची कधी कागदावर तयारी केली नाही.

वर्ष जूनपासून धरा. जानेवारीत संकल्प करून सुरू केलं तर दोन महिन्यात ऊन चालू होतंय, मग लग्नं, मग मे महिन्याच्या सुट्ट्या, आणि सगळं विस्कटतं. जूनमध्ये पाऊस लागला की हवा गार होते, रेस सगळ्या सप्टेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात येतात, म्हणजे तीन महिने निवांत पाया घालायला मिळतात.

ह्या तीन महिन्यात वेगाचं नावच काढायचं नाही. आठवड्यातनं तीन दिवस साधं पळणं आणि एक दिवस लांब. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटायला लागला की समजायचं जास्त जोरात जातोय. एकदम शून्यातनं सुरू करत असाल तर पाच मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, आणि त्यात काही कमीपणा नाही. अंतर दर आठवड्याला थोडं वाढवायचं आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. हा चौथा आठवडा लोक खातात, बरं वाटतंय तर कशाला कमी करू म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये नडगी धरून बसतात.

जागा म्हणाल तर रंकाळा सगळ्यांना जवळ, पण पावसाळ्यात पदपथावर काही ठिकाणी शेवाळ धरतं तिथं चालतच जा, आणि एक फेरी किती होते ते आपापल्या घड्याळात मोजून घ्या कारण पदपथानं गेलात की बाहेरच्या रोडनं गेलात त्यावर बदलतं. मला स्वतःला विद्यापीठाचा परिसर जास्त आवडतो, सागरमाळावर असल्यानं चढ-उतार आपोआप मिळतात, झाडं आहेत, गाड्या कमी. ओले बूट घरी आल्यावर आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, तासाभरानं कागद बदलायचा. गॅसजवळ किंवा हिटरसमोर ठेवायचे नाहीत, चिकटवलेलं सुटतं.

जुलैत जमलं तर पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती एकदा तरी करा. 1660 साली जुलैच्याच दिवसात महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्रीचे निघाले ती वाट, मसाई पठारावरून पुढं, आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली ती जागा. लोक दोन दिवसात चालतात. रनर म्हणून सांगतो, दोन दिवस चिखलात सतत पायावर राहणं हे कुठल्याही लांब रनपेक्षा जास्त शिकवतं, ओले मोजे बदलायची सवय लागते, खांद्यावर काय ओझं घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं ते कळतं. आणि त्या पावसात तिथं उभं राहिलं की रात्रभर पळत वाट काढणं म्हणजे काय ह्याचा अंदाज येतो, मला दरवेळी भरून येतं.

एक गोष्ट मधेच सांगतो. पंचगंगेला पूर आला की पळणं बंद. 2019 आणि 2021 ला आपण सगळ्यांनी बघितलंय. पुराच्या पाण्यातनं, गटारी मिसळलेल्या पाण्यातनं पळायला जायचं नाही, पायाला साधी चीर असली तरी तिथनं आजार आत शिरतो. त्या आठवड्यात ग्रुपनं मिळून जे काम करता येईल ते करायचं, ट्रेनिंग कुठं जात नाही.

मग सातारा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 ला सुरू झाली, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी असते, शहरातनं निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रोडनं खाली यायचं. कोल्हापूरवाल्यांना ही सगळ्यात सोयीची रेस, शनिवारी दुपारी निघालं तरी पोचतंय. नोंदणी मात्र काही महिने आधी उघडते आणि पटकन भरते, त्यावर लक्ष ठेवा. तयारीला आपल्याकडं जोतिबाचा चढ आहे, पण रविवारी जाऊ नका, रविवार देवाचाच वार, पहाटेपासून गाड्यांची रांग असते, पौर्णिमेला तर विचारूच नका. शनिवारी पहाटे जावा. चढताना घड्याळाकडं बघायचं नाही, पावलं लहान ठेवायची, हात हलवत राहायचे. आणि चढापेक्षा जास्त लक्ष उताराकडं द्या असं मी सांगेन, कारण उतारावर मांड्या मार खातात आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. रिलेत तर एक टप्पा पळून गाडीत तासनतास बसायचं असतं आणि परत पळायचं असतं, मांड्या आखडल्या की दुसरा टप्पा म्हणजे शिक्षा होते. पहिल्यांदा अर्धाच उतार पळा, बाकी चालत या, दोन आठवड्यांनी पूर्ण.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. नवरात्र, दसरा, दिवाळी, फराळ, पाहुणे. ह्या काळात आठवड्यातले तीन रन टिकवले तरी पुष्कळ झालं. दिवाळीनंतर एकदा सगळ्यांनी मिळून दहा किलोमीटर जोर लावून पळायचं आणि वेळ लिहून ठेवायचा, हा आकडा पुढं रिलेच्या हिशोबाला लागतो.

डिसेंबर-जानेवारीत वर्षाची मुख्य रेस, एकच. इथं माझं मत जरा कडक आहे. पहिल्या वर्षी हाफच, 21.1 किलोमीटर, आणि वर्षाला तीनपेक्षा जास्त बिब, म्हणजे छातीवर लावायचे रेसचे नंबर, घ्यायचे नाहीत. आमच्यातल्या एकानं एका थंडीत सहा रेस केल्या, सहा मेडल आली, आणि फेब्रुवारीत टाचेच्या दुखण्यानं गाडीत बसून राहिला. कोल्हापुरातच थंडीत हाफ होतात, घरच्या रोडवर पळायचा आनंद वेगळा, ओळखीचा चहावाला सुद्धा टाळ्या वाजवतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुल मॅरेथॉन करायची असेल तर मुंबई. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, 2004 पासून चालू आहे. बिब स्वतः जाऊन घ्यावा लागतो आणि तो रेसच्या आधीच, त्यामुळं शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जावा, शनिवारी बिब घेऊन लवकर जेवून झोपा. आपण इथल्या कोरड्या थंडीत तयारी केलेली असते, तिथं जानेवारीत सुद्धा घाम निथळतो, म्हणून सुरुवातीचे दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा हळू. परतीला पेडर रोडचा चढ बत्तीस किलोमीटर झाल्यावर लागतो, जोतिबा केलेल्याला तो चढ काहीच नाही, पण तोवर पाय शिल्लक ठेवायला पाहिजेत.

फुल पळलेल्यानं त्यानंतर किमान चार आठवडे रिलेत उतरायचं नाही. जानेवारीचा तिसरा रविवार ते फेब्रुवारीचा शेवट, साधारण पाच-सहा आठवडे मिळतात, म्हणून आम्ही रिले फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी ठेवतो. थंडी ओसरत आलेली असते, पाऊस नाही, रात्र अजून मोठी.

आता खरी गोष्ट, टीम.

आठ जण घ्या, दोन गाड्या, चार-चार. आणि नववा आणि दहावा माणूस ड्रायव्हर, जे अजिबात पळणार नाहीत आणि दिवसा झोपून आलेले असतील. पळणाऱ्यानं गाडी चालवायची नाही, ह्यावर वाद नको. आमच्या एका गाडीला एक मामा आहेत, भाजीचा टेम्पो चालवतात, आयुष्यभर रात्रीचं ड्रायव्हिंग केलेला माणूस, आमच्या टीममधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस मी त्यांना मानतो.

माणसं निवडताना वेग शेवटी बघा. बोलावल्यावर उठणारा आहे का, झोपेतनं उठवल्यावर चिडतोय का, उशीर होणार असेल तर आधी फोन करतोय का, हे आधी बघा. फौंड्रीत पाळी बदलताना आम्ही चार्ज देतो. भट्टी कशी चालू आहे, कुठलं मशीन गरम होतंय, काय अर्धवट राहिलंय, हे तोंडानं सांगायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि पुढचा माणूस प्रत्यक्ष येऊन "घेतलं" म्हणल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलेत आम्ही हेच उचललं. हातात देतो ती एक चमकणारी मनगटाची पट्टी, पण पट्टी देताना दोन वाक्यं बोलायची, पुढं दिवा बंद आहे, डाव्या वळणावर कुत्री आहेत, पाण्याची बाटली संपलीय, जे असेल ते, आणि घेणाऱ्यानं "घेतलं" म्हणायचं. लूपवर पळत असाल तर ह्याचा फार उपयोग होतो, कारण पुढच्याला तोच रोड पळायचा असतो.

वेळेचं कोष्टक आधी करायचं. प्रत्येकाच्या दहा किलोमीटरच्या वेळेवरून एका किलोमीटरला किती लागतात ते काढा, रात्रीच्या टप्प्याला किलोमीटरमागं अर्धं मिनिट वाढवा, तिसऱ्या टप्प्याला पाऊण. समजा एकूण 160 किलोमीटर ठरवलं, आठ जण, चोवीस टप्पे, म्हणजे एक टप्पा साधारण पावणेसात किलोमीटरचा आणि प्रत्येकी वीस किलोमीटर. टीमची सरासरी सात मिनिटं धरली तर 1120 मिनिटं, म्हणजे 18 तास 40 मिनिटं. शनिवारी दुपारी दोनला सुरू केलं तर रविवारी सकाळी पावणेनऊच्या आत संपतंय. कोष्टक कागदावर छापून दोन्ही गाड्यांच्या काचेला चिकटवायचं, मोबाईलवर ठेवू नका, पहाटे बॅटरी संपते आणि झोपेत स्क्रीन दिसत नाही. प्रत्येक टप्प्याला खरा वेळ पेननं लिहायचा, मग पुढचं किती पुढं-मागं सरकतंय ते कळतं आणि झोपलेल्यांना बरोबर वेळेला उठवता येतं.

उठवायचा नियम आमच्याकडं असा की पुढच्या दोघांनी कायम जागं असायचं. जो पुढं पळणार तो वीस मिनिटं आधी बूट बांधून खाली, आणि त्याच्या नंतरचा गाडीत बसून का असेना पण डोळे उघडे. हा नियम करायचं कारण म्हणजे दुसऱ्या वर्षी पहाटे पावणेचारला आमच्या एका ताई टप्पा संपवून आल्या आणि बदलीचा माणूस दुसऱ्या गाडीत झोपलेला, गाडी लावलेली अर्धा किलोमीटर लांब. अकरा मिनिटं त्या घामानं ओल्या कपड्यात अंधारात एकट्या उभ्या होत्या. काही झालं नाही, पण मला त्या रात्रीनंतर आठवडाभर झोप लागली नाही, कारण बारावीतलं हायवेवरचं सगळं डोळ्यासमोर आलं आणि ह्यावेळी टीम माझी होती.

पहिल्या वर्षी रोडवर जाऊच नका, लूपवर करा. रंकाळ्याभोवती किंवा जिथं दिवे आहेत, गेट आहे, गाड्यांना अटकाव आहे अशा जागी, रीतसर परवानगी काढून आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून, रात्री दहा ते सकाळी सहा. एक गाडी एकाच जागी उभी, संडासची सोय जवळ. बायका टीममध्ये असतील, आणि असाव्यातच, तर संडास कुठं आहे, रात्री तीनला उघडा असतो का, आत दिवा आणि पाणी आहे का, हे आधल्या आठवड्यात त्याच वेळेला जाऊन बघून यायचं. नुसतं "बघू काहीतरी होईल" म्हणून त्यांना सांगायचं नाही. रात्रीच्या टप्प्याला त्यांच्याबरोबर, आणि मी म्हणतो सगळ्यांबरोबरच, एक सायकलवाला द्यायचा.

रोडवर करायचंच असेल तर आपल्या जिल्ह्यात रात्रीची सगळ्यात मोठी भीती म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. दिवाळीच्या आसपास कारखाने चालू झाले की मार्चपर्यंत रात्रभर वाहतूक असते. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाल कापड असलं तर असलं, रिफ्लेक्टर बऱ्याचदा नाही, आणि पुढं एकच हेडलाईट चालू, म्हणजे लांबनं तुम्हाला वाटतं मोटरसायकल येतीय आणि जवळ आल्यावर कळतं की अख्खा रोड भरून काहीतरी येतंय. म्हणून रोडच्या उजव्या बाजूनं, समोरनं येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून पळायचं, एक दिवा दिसला की तो ट्रॅक्टरच आहे असं धरून खाली मातीवर उतरायचं. रिफ्लेक्टरचं जॅकेट पुढून मागून, कपाळाला हेडटॉर्च, पाठीला लाल ब्लिंकर, आणि कानात काहीही घालायचं नाही. टॉर्चचा उजेड पायापुढं चार पावलांवर ठेवा, उबदार रात्री घोणस रोडवर येऊन बसते. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायचं, सायकलवाल्यानं मधे यायचं, आणि तरीही दात लागलाच, साधा ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून तसंच कोल्हापुरातल्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दवाखान्यात लसीला जायचं. टप्पा सोडून द्यायचा, रिले सुद्धा.

रिलेच्या आधी सहा आणि तीन आठवडे राहिले असताना एकेक रंगीत तालीम करा. शनिवारी संध्याकाळी सहाला सहा किलोमीटर, घरी येऊन जेवून झोपायचं, पहाटे तीनला उठून पाच किलोमीटर, परत झोपायचं, सकाळी आठला सात. ह्यातनं तीन गोष्टी कळतात, तीनला पोट कसं वागतंय, आखडलेले पाय मोकळे व्हायला किती वेळ लागतोय, आणि आपल्याला पटकन झोप लागते का. रात्रपाळीच्या अनुभवावरून सांगतो, पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात सुस्त असतं, त्यावेळी माणूस चुकीचा बूट सुद्धा घालतो, त्यामुळं त्या वेळेचं सगळं आधीच काढून ठेवायचं. प्रत्येक टप्प्याचे कपडे, मोजे, वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव आणि टप्पा. आणि आधीचे दोन-तीन दिवस झोप पोटभर घ्यायची, ती उपयोगाला येते, रिलेच्या रात्री गाडीत दीड तास मिळाला तरी खूप.

टप्पा संपला की लगेच गाडीत बसू नका. दहा मिनिटं चाला, ओला टी-शर्ट बदला, अंगावर स्वेटर किंवा घोंगडी, पोटऱ्या ताणा, मग काहीतरी खा, मग पाय वर करून आडवं व्हा. बहुतेक जण उलट्या क्रमानं करतात, आधी आडवं होतात, आणि थंडीनं कुडकुडत उठतात.

खायचं साधं. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, मऊ भात-दही, चहा. गूळ आपल्या इथला, त्याच्यापुढं एनर्जी जेल-बिल काही नाही असं माझं मत आहे, पण ज्याला जेल सोसतं त्यानं खावं, फक्त त्या रात्री पहिल्यांदा नको. ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तसंच, कमी पाण्यात घट्ट करून प्यायची नाही. पळायच्या तासभर आधीपर्यंत खाणं आटपा. मिसळ आणि तांबडा-पांढरा सगळं संपल्यावर, मधे कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. आमच्यातल्या तालमीतल्या एका पैलवान दादाला गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन पळायची सवय होती, त्याला ते सोसत असेल, बाकी दोघांनी त्याचं बघून प्यायलं आणि दुसऱ्या टप्प्याला बाहेर बसले.

सगळ्यात हळू पळणाऱ्याला कुठला टप्पा द्यायचा हे विचारतात. आम्ही शेवटचा देतो. जोरात पळणारे मधल्या रात्रीला, कारण अंधारातले टप्पे लवकर संपलेले बरे. शेवटच्या टप्प्याला ऊन आलेलं असतं, पुढं कोणाला चार्ज द्यायचा नसतो, आणि आमच्या ग्रुपमधले साठी ओलांडलेले काका आठ मिनिटाच्या वेगानं शेवटचा किलोमीटर येताना आम्ही बाकी सात जण त्यांच्या मागं चालत-पळत येतो, त्यांच्या नातीनं गेल्या वर्षी त्यांच्या हाताला हात लावून शेवटची पन्नास पावलं टाकली.

मार्च ते मे विश्रांती. विहिरीत पोहा, सायकल चालवा, आठवड्यातनं दोनदा पहाटे हलकं पळा, आणि दुखणारं काही असेल तर ह्याच महिन्यात डॉक्टरला दाखवा. जूनमध्ये नवीन बूट घ्या.

राहिलं एक. रिले संपली की सगळ्यांना घरी जायची घाई असते, रविवारचं मटण वाट बघत असतं, आणि सगळ्यात जास्त धोका त्याच अर्ध्या तासात असतो, कारण रात्रभर जागलेला माणूस मोटरसायकलला किक मारतो. आम्ही सुरुवातीलाच, दुपारी दोनच्या आधी, सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या एका वहिनींच्या डब्यात जमा करतो. त्यांच्या घराच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या असतात, पंखा चालू असतो, आणि चार तास झोप झाल्याशिवाय त्या किल्ली देत नाहीत, कोणीही असो.